काय करणार नाही, ते आधी लिहा

आयुष्याचे ध्येय एका वाक्यात लिहून काढा, असे सांगणाऱ्या कार्यशाळा आता जळगाव-धुळ्यातही नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत टेबलासमोर चिकटवलेल्या कागदांवर साधारण तीच वाक्ये असतात: समाजाची सेवा करायची, आईवडिलांचे नाव काढायचे, चांगला माणूस व्हायचे. लिहिणाऱ्याची तळमळ खरी असते, यात मला शंका नाही. पण माझे शास्त्र मनाचे, म्हणून अशा वाक्याला मी एकच प्रश्न विचारते: हे मान्य केल्यावर उद्यापासून कोणती गोष्ट बंद होणार? बहुतेक वेळा उत्तर येते, कोणतीच नाही. दोन नोकऱ्यांतली एक निवडायची असते, भावाशी वाटणीवरून वाद उभा राहतो, पैसा आणि वेळ यांपैकी एक सोडायचे असते, तेव्हा या वाक्याकडे सांगण्यासारखे काही नसते. जीवनसंकल्पाची किंमत त्यातल्या उदात्ततेवर ठरत नाही. त्याने काय नाकारले आणि तो दिवसाच्या कोणत्या वेळेला बांधला गेला, यावर ती ठरते, असे माझे मत आहे.

संकल्प लिहिण्याचा हा प्रकार परदेशी व्यवस्थापनाच्या पुस्तकांतून आला, असा आक्षेप पहिल्यांदा येतो. स्टीफन कोवी यांच्या 1989 सालच्या पुस्तकाने तो जगभर पसरवला, हे खरे. पण त्याच्या चौऱ्याऐंशी वर्षे आधी, 12 जून 1905 रोजी, पुण्यात गोपाळ कृष्ण गोखले यांनी भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा सभासदांना सात प्रतिज्ञा घ्याव्या लागत. त्यांत देश प्रथम हे तर होतेच, पण संस्था देईल तेवढ्यावर समाधान मानून स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती घालवायची नाही आणि कोणाशी व्यक्तिगत भांडण करायचे नाही, हेही होते. गांधीजींच्या आश्रमाची एकादश व्रतेही अशीच आहेत. चोरी नको, साठवण नको, जिभेचे चोचले नकोत, भय नको. 1930 साली येरवड्याच्या तुरुंगातून दर मंगळवारी एकेका व्रतावर ते आश्रमवासीयांना लिहीत होते. मोठे ध्येय एका ओळीत मावते. ते रोज पाळायचे तर नकारांची यादी लागते, हे या दोघांनी ओळखले होते.

धुळ्याने तर याची दोन उदाहरणे डोळ्यांसमोर पाहिली. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यातच निधन झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे उभे राहिले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड 1898 सालचा, आणि ही मालिका बावीस खंडांपर्यंत गेली. गावोगावच्या वाड्यांतून दप्तरे धुंडाळणाऱ्या या माणसाने दुसरा संसार नाकारला, स्थिर नोकरी नाकारली आणि मराठीतच लिहिण्याचा कटाक्ष ठेवला. दुसरे शंकर श्रीकृष्ण देव. 1893 साली धुळ्यात सत्कार्योत्तेजक सभा काढणाऱ्या या माणसाने पुढची चार दशके एका विषयाला वाहिली: समर्थ रामदास आणि त्यांच्या संप्रदायाची हस्तलिखिते. त्यातून 1935 साली समर्थ वाग्देवता मंदिर उभे राहिले. विद्वत्तेला वाव देणारे इतर विषय त्या काळात थोडे नव्हते. त्यांतले बहुतेक त्यांनी बाजूला ठेवले, म्हणून आज ते बाड एका जागी सापडते.

आता प्रयोगांतून काय दिसते ते पाहू. आधी एक खोटे बाजूला करते. 1953 साली येल विद्यापीठातल्या ज्या तीन टक्के विद्यार्थ्यांनी ध्येय लिहून ठेवले होते, ते वीस वर्षांनी बाकी सगळ्यांपेक्षा श्रीमंत निघाले, ही गोष्ट व्याख्यानांतून फार सांगितली जाते. असा अभ्यास कधी झालाच नाही. खरे पुरावे याहून साधे आहेत. पीटर गोल्विट्झर आणि पास्कल शीरन यांनी 2006 साली 94 चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले. नुसते 'मी अमुक करीन' असे ठरवण्यापेक्षा 'अमुक वेळ आली, अमुक जागी असलो, की मी हे करीन' असे ठरवणारे लोक ठरवलेले काम लक्षणीयरीत्या जास्त पार पाडतात, असे त्यांना आढळले. याच गोल्विट्झर यांनी 2009 साली दाखवले की, आपल्याला काय व्हायचे आहे हे दुसऱ्याने ऐकून घेतले की काही जणांचा प्रत्यक्ष प्रयत्न कमी होतो. सांगितल्यानेच थोडेसे झाल्यासारखे वाटते. प्रयोग लहान होते, म्हणून त्यावर फार मोठी इमारत मी चढवणार नाही. तरी समारंभात मोठ्याने वाचलेल्या ध्येयवाक्यांवर माझा भरवसा कमी आहे, त्याचे एक कारण हे आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो आपल्या मातीतून येतो. कपाशीचा भाव जिनिंगवर ठरतो, केळीची बाग एका वादळात आडवी होते. अशा शेतकऱ्याला आयुष्याचा हेतू लिहायला सांगणे म्हणजे त्याच्या हाती नसलेल्या गोष्टींचा जाब त्याला विचारणे नव्हे काय? शिवाय आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचताही येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्यांनी रचलेल्या ओव्या मुलगा सोपानदेव आणि नातेवाईक यांनी टिपून ठेवल्या, म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर 1952 साली पुस्तक निघू शकले. त्यांना कोणत्या संकल्पपत्राची गरज पडली? या आक्षेपातला अर्धा भाग मला मान्य आहे. लिहिणे हे साधन आहे, अट नाही. ज्याच्या दिवसाला शेत, गुरे आणि घर यांनी आधीच आकार दिलेला आहे, त्याला कागदाची गरज कमी. पण आज शिरपूरच्या किंवा चाळीसगावच्या मुलीपुढे नर्सिंग, बी.एड., पुण्यातली कंपनी, लग्न आणि घरची शेती असे पाच रस्ते एकाच उन्हाळ्यात उघडतात, आणि प्रत्येकाच्या बाजूने बोलणारे नातेवाईक असतात. तिचा दिवस तिला आकार देत नाही. तिलाच त्याला द्यायचा असतो. आणि परिस्थिती हातात नसते तेव्हा तर संकल्पाचे वाक्य परिणामाबद्दल नसून स्वतःच्या कृतीबद्दल असणे आणखी गरजेचे होते. 'शेतीतून श्रीमंत होईन' हे पावसाच्या हाती आहे. 'सावकाराचे कर्ज लग्नखर्चासाठी काढणार नाही' हे बऱ्याच अंशी माझ्या हाती आहे.

इथे साने गुरुजींचे आयुष्य मला टाळता येत नाही. 1924 ते 1930 ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचे दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढत. मुलांवर प्रेम करायचे हा त्यांचा भाव होता आणि रोज लिहायचे ते दैनिक हे त्याचे रूप. पुढे ते सत्याग्रही झाले, तुरुंगात गेले, 1933 साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली, 1947 च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून उपोषणाला बसले, 1948 साली 'साधना' साप्ताहिक सुरू केले. माणूस बदलतो, मग आयुष्यभराचा संकल्प बेडी होत नाही का, असे विचारणाऱ्याला मी हा आलेख दाखवते. कामे बदलली, नाकारलेल्या गोष्टी त्याच राहिल्या: स्वतःपुरते जगणे आणि माणसामाणसांतला भेद. पण याच आयुष्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. 11 जून 1950 रोजी गुरुजींनी स्वतःच आपले जीवन संपवले. त्यामागचे कारण एका वाक्यात सांगण्याचा अधिकार मला नाही, कोणालाच नाही. इतके मात्र माझ्या क्षेत्रात रोज दिसते की, ज्याचा हेतू साऱ्या जगाच्या सुधारण्याशी बांधलेला असतो, त्याच्यावर जगाच्या प्रत्येक अपयशाचा भार येऊन पडतो. 1932 साली, 21 फेब्रुवारी ते 19 जून, अठरा रविवार धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलले, आणि ती प्रवचने साने गुरुजींनीच टिपून घेतली. कर्म आपले, फळ आपले नाही, हा त्या प्रवचनांचा गाभा. हा धडा ऐकणे, लिहून घेणे आणि पचवणे किती अवघड आहे, ते यातून कळते. म्हणून संकल्प लिहिणाऱ्या तरुणाला मी सांगते की 'मी समाज बदलीन' असे लिहू नकोस. समाज बदलला नाही, तर आपल्या जगण्याचेच काय, असा प्रश्न पडता कामा नये. आणि तो पडलाच, तर एकट्याने सोसू नये. घरच्या माणसाशी किंवा मानसोपचारतज्ज्ञाशी त्याच दिवशी बोलावे.

संकल्प एकदा लिहिला की झाले, असेही नाही. खानदेशात सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या कराराने ठेवलेल्या शेतमजुराचे, साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बदलते: जुना हिशेब मिटतो, नव्या अटी ठरतात आणि दोघांना मान्य नसेल तर संबंध सुटतो. आपल्या संकल्पाशीही वर्षातून एकदा असेच बसावे. पहिल्या वर्षी तीन ओळी पुरेत: मी कोणासाठी काम करतो, त्यासाठी काय सोडले, आणि रोज कोणत्या वेळी ते दिसते. अभ्यासिकेत बसणाऱ्यांसाठी मी चौथी ओळ मागते, आणि तिचा आग्रह सर्वांत जास्त धरते: किती प्रयत्नांनंतर थांबायचे आणि त्यानंतर काय करायचे. ही ओळ पहिल्याच वर्षी, मन शांत असताना लिहावी. निकालाच्या संध्याकाळी ती कोणालाच लिहिता येत नाही. आणि ध्येय चारचौघांत मिरवू नये असे वर म्हटले असले, तरी ही एक ओळ आईवडिलांसमोर बसून लिहावी, त्यांची संमती घ्यावी. पुढच्या वर्षीचा फॉर्म भरायला लावणारे कारण पुष्कळदा परीक्षेची ओढ नसते, घरी परतल्यावर काय ऐकावे लागेल याची भीती असते.