सात नंबरचा संगणक

संपादक बाईंनी या अंकासाठी संगणकाविषयी काहीतरी उपयोगी लिहून मागितले. उपयोगी किती होईल ते माहीत नाही. पण ऑगस्ट २०२३ मध्ये शाळेच्या संगणक कक्षात जे घडले, त्याची अर्धीच हकीकत पालकांपर्यंत पोहोचली आहे, आणि ती अर्धी चुकीची आहे. म्हणून तेच लिहितो. माझे सारे शिक्षण इंदूरला हिंदी माध्यमातून झाले, तेव्हा मध्ये मध्ये हिंदी डोकावली तर मराठीच्या बाई सांभाळून घेतील.

कक्षात अठरा संगणक आहेत. ज्यांनी ते बसवले, त्यांनी प्रत्येकाला एक पक्का पत्ता दिला होता. पहिल्याला १९२.१६८.१.११, दुसऱ्याला शेवटी १२, असे करत अठराव्याला २८. हे आकडे पाहिले की पूर्वी मला घेरी येत असे. आता मी असे समजतो की पहिले तीन आकडे म्हणजे कॉलनी आणि शेवटचा म्हणजे घराचा नंबर. कॉलनी कुठे संपते नि घर कुठे सुरू होते, हे सबनेट मास्क सांगतो. (मास्क म्हणजे मुखौटा, एवढेच मला तोवर ठाऊक होते.) मास्क २५५.२५५.२५५.० असला की कॉलनीत १ ते २५४ इतकी घरे मावतात. गेटवे म्हणजे कॉलनीचे फाटक, अर्थात राउटर. आमच्याकडे त्याचा नंबर १. आणि डीएनएस म्हणजे नाव सांगितले की पत्ता सांगणारा, मोहल्ल्यातल्या जुन्या किराणेवाल्यासारखा. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते १९९६ च्या नियमानुसार आतल्या आत वापरायला राखून ठेवलेले आहेत. त्यामुळे तुमच्या घरी आणि शाळेत तेच आकडे दिसले तरी काही बिघडत नाही. एकाच कॉलनीत मात्र एका नंबरची दोन घरे चालत नाहीत.

हे सगळे मला नंतर कळले.

जुलैच्या शेवटी माझ्या कार्यालयात नवा संगणक आला. तार जोडली, पण नेट येईना. बहुतेक ठिकाणी राउटर स्वतःच पत्ते वाटतो. आमच्याकडे कुणाचेही मोबाईल जोडले जाऊ नयेत म्हणून ती सोय बंद करून ठेवली होती. कुणाला विचारायचे तर आपले अज्ञान उघडे पडणार. म्हणून शनिवारी सुट्टीनंतर मी एकटाच कक्षात गेलो, दाराजवळचा सात नंबर सुरू केला, त्याची सगळी सेटिंग वहीत उतरवून घेतली, तो बंद केला आणि माझ्या संगणकात तशीच्या तशी भरली. नेट आले! त्या आनंदात मी शिपायालाही चहा पाजला.

पुढच्या आठवड्यापासून सात नंबरवर नेट येईनासे झाले. तिथे नववीचा एक मुलगा बसत असे. चौकस, कुठलेही बटण दाबून पाहणारा. संगणक शिक्षकांची तक्रार आली, तेव्हा मी वर्गासमोरच विचारले, "काय छेडछाड केलीस?" तो म्हणाला, "काही नाही, सर." पुढे मी ऐकून घेतले नाही. दोन आठवडे कक्षात यायचे नाही, आणि वडिलांना घेऊन ये. वडील लोडिंग रिक्षा चालवतात. त्यांची सकाळची फेरी बुडाली. बसा म्हटले तरी ते उभेच राहिले. माझ्यासमोर मुलाला एक शब्द बोलले नाहीत. बाहेर व्हरांड्यात बोलले, ते मला ऐकू आले.

शिक्षा संपली, मुलगा परत आला, सात नंबर तसाच. काही दिवसांनी तो माझ्या दारात उभा. "सर, एक सांगू? तुम्ही नसता तेव्हा सात नंबर चालतो."

खरे सांगतो, मला रागच आला. त्याने वही पुढे केली. मागच्या पानावर तारखा, आणि प्रत्येकीपुढे चालू किंवा बंद. चालू फक्त दोनदा. दोन्ही दिवस मी बैठकीला बाहेर होतो आणि कार्यालयाला कुलूप होते.

शिक्षकांना बोलावले. त्यांनी सात नंबरवर काळी खिडकी उघडून आयपीकॉन्फिग असे टाइप केले. पत्ता निघाला १६९.२५४ ने सुरू होणारा. संगणक सुरू होताना आधी विचारून घेतो, हा नंबर आणखी कुणाचा आहे का? मी कक्ष उघडण्याच्या आधीच येतो, त्यामुळे माझा संगणक रोज उत्तर देत होता, माझा आहे. मग बिचारा सात नंबर एक कामचलाऊ पत्ता घेऊन बसायचा, ज्याला फाटकाबाहेरचा रस्ता नसतो. शिक्षकांनी माझ्या संगणकावरही तेच टाइप केले. १९२.१६८.१.१७. ते काही बोलले नाहीत. मुलगाही बोलला नाही.

दुरुस्तीला दहा मिनिटे लागली. राउटरची पत्ते वाटण्याची सोय सुरू केली, पण १०० ते १५० एवढेच नंबर वाटायचे असे ठरवून दिले, वाय-फायचा पासवर्ड बदलला आणि माझा संगणक 'आपोआप' वर ठेवला. पालकांनीही घरी तो तसाच ठेवावा, हाताने आकडे भरायला जाऊ नये. पत्ता १६९.२५४ दिसला, तर आधी तार आणि राउटर तपासावा, मग मुलाला विचारावे.

शिक्षा वर्गासमोर दिली होती, म्हणून वर्गासमोरच सांगितले की संगणक याने बिघडवला नव्हता, मी बिघडवला होता. पोरे हसली नाहीत. हसली असती तर बरे वाटले असते. संध्याकाळी वडिलांना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न, "आता काय केलं त्यानं?" मी सगळे सांगितले. बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग म्हणाले, "त्या रात्री तो जेवला नव्हता, साहेब."

त्यांना पुन्हा शाळेत बोलावणे बरे दिसले नसते. मीच त्यांच्या स्टँडवर जाऊन आलो.

कक्षाच्या दारामागे आता एक कागद चिकटवलेला आहे. अठरा संगणक, अठरा पत्ते, त्या मुलाच्या अक्षरात. शेवटची ओळ त्याने स्वतःहून लिहिली आहे : मुख्याध्यापक कार्यालय, आपोआप.