पोवाडा : डफावरचा आणि कागदावरचा

अज्ञानदासाचा अफझलखानवधाचा पोवाडा मी प्रथम मनातल्या मनात वाचला. १६५९ मधील तो प्रसंग इतका थरारक, तरीही वर्णनांचा विस्तार मला पाल्हाळ वाटला.

त्याच सुमारास मी स्वतः एक पोवाडा रचला. विस्तार छाटला, एकही ओळ दुबार येऊ दिली नाही. कागदावर तो नेटका दिसे. गणेशोत्सवात म्हटला, तेव्हा तिसऱ्या चौकातच श्रोत्यांचे लक्ष सुटले. वाचक मागे जाऊन ओळ पुन्हा वाचू शकतो. श्रोत्याला ती सोय नसते.

शाहीर ओळ म्हणतो, झीलकरी ‘जी जी’ करीत सूर धरतात. तेवढ्या अवधीत श्रोता ऐकलेले मनात बसवतो आणि शाहिराला पुढची ओळ आठवते. ज्याला मी दोष समजलो, ती श्रोत्यासाठी राखलेली उसंत होती.

अ‍ॅकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी असे ऐतिहासिक पोवाडे जमवून १८९१ मध्ये छापले. त्यांचे ऋण मोठे आहे. मात्र छापील पानावर शब्द तेवढे आले. डफ, तुणतुणे आणि समोरची माणसे बाहेरच राहिली.

मित्रहो, पोवाडा इतिहासाचे साधन म्हणून वापरताना त्यातील तपशील इतर कागदपत्रांशी जरूर पडताळा. परंतु पाल्हाळ वाटेल तेथे पान उलटू नका. ती कडवी मोठ्याने म्हणा. ती कोणासाठी रचली होती, हे तेव्हाच कळते.