चहाच्या रंगाचा प्लग

मराठी आणि इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने इंजिनाबद्दल लिहावं म्हणजे आगाऊपणाच! माझं यंत्रज्ञान लुनापर्यंतचं. पण २०२३ च्या नोव्हेंबरात ॲरिझोनात जे पाहिलं ते डोक्यातून जात नाही, म्हणून लिहून टाकतो.

आम्ही दोघं लेकीकडे फिनिक्सला गेलो होतो. वीस वर्षांच्या नातवाने सुट्टीत काम करून साठवलेल्या पैशांतून एक जुना जेटस्की घेतला होता. बसून चालवायचा नव्हे, उभ्याने चालवायचा. समुद्रकिनारी पर्यटक ज्यावर बसून फिरतात तो सोफा, असं नातवाचं मत. (जेटस्की हे खरं तर कावासाकीचं नाव. पण आपण नाही का कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणत? तसंच ते.) क्लेटन जेकबसन नावाच्या मोटारसायकलवाल्याच्या डोक्यातून ही कल्पना निघाली आणि १९७३ मध्ये कावासाकीने असा उभ्याचा जेटस्की पहिल्यांदा बाजारात आणला. नातवाचा मात्र यामाहाचा, सुपरजेट. ७०१ सीसी, दोन सिलेंडर आणि टू-स्ट्रोक! यामाहाने २०२१ पासून त्यात फोर-स्ट्रोक इंजिन घातलं, पण या पोरांचा जीव अजून जुन्यातच.

टू-स्ट्रोक म्हटल्यावर माझे कान टवकारले. "म्हणजे पेट्रोलमध्ये टूटी ऑइल घालायचं ते?" मी विचारलं. नातू बघतच राहिला. अहो, पंपावर उभं राहून लुनात ऑइल घालून घेण्यात आमची हयात गेली! त्या दिवसापासून गॅरेजमध्ये एक खुर्ची माझी झाली.

पंधरा दिवस मी ते इंजिन जुळताना पाहिलं. हेड बसवल्यावर नातवाने डाग द्यायची तार घेतली, प्लगच्या भोकातून सिलेंडरच्या भिंतीपर्यंत सरकवली आणि हाताने इंजिन फिरवलं. पिस्टन वर येऊन तार चेपली. चेपलेलं टोक त्याने मोजलं, सव्वा मिलिमीटरच्या आत. म्हणजे पिस्टन आणि हेडच्या कडेमध्ये तेवढीच फट. ही फट जास्त राहिली तर कडेचं पेट्रोल नीट जळत नाही, ठोके पडतात. फारच कमी झाली तर वेगात पिस्टन हेडला टेकतो. नखाएवढ्या जागेचा हा सगळा हिशेब!

मग पोर्ट. टू-स्ट्रोकमध्ये सिलेंडरच्या भिंतीतच भोकं असतात आणि पिस्टनच त्यांची उघडझाप करतो. धूर बाहेर जाण्याचं भोक कानशीने जरा वर चढवलं, की इंजिन वरच्या वेगात जोर धरतं, पण खालच्या वेगातला दम जातो. घासलेलं पुन्हा भरून येत नाही, म्हणून तो एकेक घास मारून मोजत बसे.

सगळ्यात नवल वाटलं ते धुराड्याचं. आपल्याला वाटतं, ते धूर बाहेर टाकायला असतं. तर नाही! त्या फुगीर नळीत आवाजाची लाट पुढे जाऊन परत फिरते आणि बाहेर निसटू पाहणारं ताजं पेट्रोल पुन्हा सिलेंडरमध्ये ढकलते. लाट नेमक्या क्षणी परतली तर ताकद, नाही तर नुसता गोंगाट. जेटस्कीत त्या नळीत थोडं पाणीही सोडतात. पाण्याने आतला वायू थंड होतो, थंड वायूत आवाज हळू जातो, म्हणजे नळी न बदलता ती लांब केल्यासारखं होतं. एका स्क्रूने पाणी कमीजास्त करायचं. आमच्याकडे तबल्याच्या गठ्ठ्यावर हातोडी मारतात तसंच!

शेवटी सगळी भोकं बुजवून इंजिनात पंपाने हवा भरली आणि जोडांवर साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा दिसला तर गळती, आणि गळतीतून जादा हवा शिरली तर इंजिन मेलंच. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवतो, त्यातलाच प्रकार. बुडबुडा आला नाही. नातवाने मला टाळी दिली.

मग आम्ही लेक हवासूला गेलो. वाळवंटात अडवलेलं कोलोरॅडो नदीचं निळंशार पाणी. उचलून आणलेला लंडनचा जुना पूल १९७१ पासून तिथे उभा आहे, तोही पाहिला. पण आमचं लक्ष पुलात कुठलं!

आता मुद्द्याचं. कार्ब्युरेटरमध्ये पितळेचा एक बारीक जेट असतो, त्याच्या भोकातून पेट्रोल येतं. जेट लहान केला की पेट्रोल कमी, हवा जास्त. नातू पूर्ण वेगात जाऊन एकदम इंजिन बंद करी, किनाऱ्याला आणून प्लग काढी आणि त्याचा रंग पाही. काळा, ओला असेल तर पेट्रोल जास्त. पांढरा असेल तर कमी. चहाच्या रंगाचा आला की बरोबर. वहीचं पान उघडल्यावर पोराने अभ्यास केलाय की नाही हे जसं आम्हाला कळतं, तसं ते प्लगचं टोक वाचतो.

त्या दुपारी दर वेळी तो जेट एक नंबर लहान करी आणि दर वेळी इंजिन जास्त गोड चाले. आवाज मोकळा, वेग झटकन. शेवटचा प्लग मात्र जरा फिकट आला. नातू घुटमळला. "काय करू, आजोबा? एक नंबर मोठा घालू?"

मला काय कळतंय त्यातलं? पण मी म्हणालो, "एवढं सुरेख पळतंय, राहू दे की!"

राहू दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे स्वेटर घालावा लागला. वाळवंटच ते, रात्रीतून गारठतं. गार हवा दाट असते. त्याच जेटमधून पेट्रोल तेवढंच येतं, पण हवा जास्त भरते. नातू पाण्यात गेला, आवाज चढत चढत गेला. कालच्यापेक्षाही सुंदर! मी किनाऱ्यावरून हात हलवला. आणि आवाज एकदम थांबला. दोरी तुटावी तसा.

एका बोटवाल्याने ओढून आणलं. हेड काढल्यावर मागच्या सिलेंडरचा पिस्टन एका बाजूने वितळून भिंतीला चिकटलेला. मग नातवाने समजावलं. पेट्रोल नुसतं जळत नाही, ते आत येताना पिस्टनला गारही ठेवतं. आणि ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं, त्यामुळे पेट्रोल कमी केलं की वंगणही कमी. "सगळ्यात भारी पळतं ना आजोबा, ते मरायच्या जरा आधी," तो म्हणाला. मला एका शब्दाने दोष दिला नाही.

परतीच्या वाटेवर मी गप्प होतो. लेकीला वाटलं, बाबांना प्रवास बाधला.

मला १९९४ सालचा एक मुलगा आठवत होता. दहावीचा. तेव्हा बोर्डाच्या गुणवत्ता यादीचं फार वेड होतं आणि आमच्या शाळेतून कोणी यादीत आलं नव्हतं. हा येणार असं सगळे म्हणत. सकाळी सहाला एक तास, संध्याकाळी एक. त्याचं क्रिकेट मी बंद केलं. गणपतीत गावी जाणं बंद केलं. दर चाचणीत दोन गुण वाढत होते. पूर्वपरीक्षेत तर त्याने कमालच केली. फेब्रुवारीत त्याची आई मला भेटायला आली. "सर, तो रात्री झोपत नाही हो. जरा कमी करू या का?"

मी म्हणालो, "एवढा छान चाललाय. आता कशाला?"

तिसऱ्या पेपरला तो तासभर कोरी उत्तरपत्रिका समोर घेऊन बसला आणि उठून बाहेर गेला. पुढच्या वर्षी बसला, पास झाला, आता त्याचं बरं चाललंय. रस्त्यात दिसला तर नमस्कार करतो. थांबत मात्र नाही. मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो, की मुलगाच मुळात नाजूक होता.

इंजिन नाजूक नव्हतं. प्लग फिकट होता, तो मी पाहिला होता.

असो. नातवाने सिलेंडर बोअर करून घेतले, अर्धा मिलिमीटर मोठे पिस्टन घातले. आता तो जेट एक नंबर मोठाच ठेवतो, आणि पहाटेच्या गारठ्यात आणखी एक मोठा. शर्यतीत पहिला येत नाही. परवा त्याने फोटो पाठवला, हातावर ठेवलेला प्लग, अगदी आमच्या घरच्या चहाचा रंग!

तो फोटो बघितल्यावर मी त्या मुलाच्या धाकट्या भावाकडून त्याचा नंबर मागून घेतला. मुलगा कसला, पंचेचाळिशीचा गृहस्थ आहे तो. कागद टेलिफोनशेजारी ठेवलाय. चार दिवस झाले. हिने आज सकाळी विचारलं, "हा नंबर कुणाचा हो?"

दुपारी लावतो.