रोडग्यांचे पदर

वसंत म्हटला की कवींना आम्रमोहर आणि कोकिळा आठवते. सातपुड्याच्या दक्षिण उतारावर राहणाऱ्या आम्हा तिगावकरांना मात्र आधी पळस आठवतो, आणि लगोलग गोवऱ्यांचा धूर. फाल्गुनात बांधावरचे निष्पर्ण पळस केशरी होऊन जातात, दुपारचे ऊन अजून सोसवते, आणि मंडळी शेतात, नदीकाठी वा मारुतीच्या पारापाशी रोडग्यांचे जेवण करू लागतात. परीक्षांच्या धामधुमीतून उरलेले रविवार आम्ही उभयता वर्षानुवर्षे याच कारणी लावीत आलो आहोत.

वाटेवरच्या संत्राबागा या दिवसांत पाहाव्यात. एका बागेत मृग बहराची पिकली फळे तोडावयाची असतात, तर शेजारच्या बागेत आंबिया बहराची इवलीशी हिरवी फळे नुकती धरलेली असतात. पाणी तोडून झाडाला ताण द्यावा, मग पाणी सोडावे, म्हणजे ते फुलावर येते, हे इथला शेतकरी जाणतो. शहरात 'ताण' हा शब्द दुखण्याचा झाला. आमच्याकडे तो अजून बहराच्या आधीचा शब्द आहे.

रोडग्याची कृती दिसते तितकी सोपी नाही. जाडसर दळलेली कणीक मोहन घालून घट्ट मळावयाची. लहान पाऱ्या तेलाचा हात लावून एकीवर एक रचावयाच्या आणि त्या साऱ्या एका मोठ्या पारीत मिटून गोळा वळावयाचा. गोवऱ्यांचा जाळ बसला की निखाऱ्यांत रोडगे पुरावयाचे. कवच खरपूस व्हावे, पण आतले पदर कच्चे राहता कामा नयेत. मग राख झटकून फोडावे आणि वर साजूक तूप सोडावे. सोबतीला तुरीचे वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. गोवऱ्या रचणे आमच्याकडे आणि पाऱ्या सौ.कडे, अशी आमची वाटणी. जाळ केव्हा बसला, याचा निवाडा मात्र तिचाच.

हा पदार्थ काही कालचा नव्हे. सोळाव्या शतकातील एकनाथ महाराजांच्या भारुडात सासरच्या जाचाला कंटाळलेली सून भवानीआईला रोडगाच कबूल करते. राज्यांच्या सीमा त्यामानाने फार अलीकडच्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आमचा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. कचेरीचा कारभार हिंदीत चालतो. मराठी राहिली ती घरात, शेतात आणि चुलीपाशी.

म्हणूनच गेल्या वर्षी आमचा भोपाळला वाढलेला नातू ताटाकडे पाहून "बाटी!" म्हणाला, तेव्हा सौ. क्षणभर गप्प झाली. बाटी हेही चांगले अन्न आहे. त्यात रागावण्यासारखे काही नव्हते. तिने इतकेच केले, की उरलेली कणीक त्याच्यापुढे सारली आणि म्हणाली, "बाटीला असे पदर असतात का, मोजून सांग बरं." त्याने पाऱ्या रचल्या, तेल लावले, वेडावाकडा का होईना, गोळा वळला. तासाभरात पारी, मोहन, गोवरी, निखारा हे शब्द त्याच्या तोंडी बसले. भाषेच्या तासाला आम्ही आयुष्यभर शब्दार्थ लिहून दिले. पण हाताला पीठ लागले की अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

आता सौ.चे गुडघे फार वेळ जमिनीवर बसू देत नाहीत. गोवऱ्या थापणारे हातही गावात थोडेच उरले आहेत. रोडगा गेला तर नुसता एक पदार्थ जाणार नाही. त्याच्याभोवती फेर धरून बसलेले हे सारे शब्दही उठून जातील. वाचकांना आमची एवढीच विनंती, की येत्या फाल्गुनात एक रविवार काढावा, मुलासुनांना आणि नातवंडांना शेतावर न्यावे, आणि रोडगे आपण न वळता त्यांच्याकडून वळून घ्यावेत. करपले तरी चालतील. तूप तेवढे घरचे असावे.