जिताड्याचें बिऱ्हाड

ज्या घराच्या चुलीवर सात पिढ्यांत मासा चढला नाहीं, त्या घरच्या माणसानें माशांविषयीं लेख लिहावा हें कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. आमच्या घरांत तर तें स्पष्टपणें बोलूनहि दाखविण्यांत आलें. परंतु गेल्या दिवाळींत माझा नातू पुण्याहून पेणला आला तो विकतची एक गळाची काठी घेऊन, आणि पायांवर पाणी घेतो न घेतो तोंच त्यानें विचारलें, "आजोबा, तुमच्या इथल्या तळ्यांत बास कुठें बसतो?" अमेरिकेंतील लोक घराशेजारच्या लहानशा तळ्यांतून बास नांवाचा मासा धरतात, हें त्यानें मोबाइलवर पाहिलें होतें. पस्तीस वर्षें मी तळ्याच्या कांठानें शाळेंत गेलों-आलों; पण पाण्याखालीं कोण राहतो आणि नेमका कोठें राहतो, हा प्रश्न मला कधीं पडला नव्हता.

अमेरिकेंतला तो बास आपल्याकडे नाहीं. त्याचें कुळ निराळें. मात्र इंग्रज ज्याला समुद्री बास म्हणतात, ऑस्ट्रेलियांत जो बारामुंडी आणि बंगाल्यांत भेटकी या नांवानें मान पावतो, तोच आमच्या खारेपाटांतला जिताडा. ब्लॉख नामक जर्मन पंडितानें इ. स. १७९० मध्यें त्याचें शास्त्रीय वर्णन केलें. रायगड जिल्ह्यांत त्याची प्रतिष्ठा त्याहून जुनी असली पाहिजे. जांवई आला, वा एखादा मोठा अधिकारी प्रसन्न करावयाचा असला, कीं तळ्यांतला जिताडा निघतो, असें येथें सर्रास बोललें जातें. अशा भेटींनीं किती कागद पुढें सरकले असतील तें त्या माशांनाच ठाऊक!

पेणच्या गणेशमूर्ती सर्वांस परिचित आहेत, त्याविषयीं येथें लिहीत नाहीं. गांवाबाहेर पश्चिमेस वाशी-वढावच्या बाजूला निघालें, कीं डोंगर पाठीमागें राहतात आणि सपाट, उघडा खारेपाट लागतो. खाडीला मातीचे बांध घालून मिळविलेली ही जमीन. बांधाला उघाडी असते. ओहोटीला तिचें दार उघडून शेतांतलें पाणी निघून जातें, आणि भरतीला खाडीच्याच दाबानें तें मिटतें. अशा जमिनींसाठीं मुंबई सरकारनें इ. स. १९४८ मध्यें स्वतंत्र कायदाहि केला. जमीन मिळाली, तरी भूगर्भांतलें पाणी मात्र खारटच. म्हणून गांवोगांव पावसाच्या पाण्याचीं तळीं खणलेलीं आहेत. माणसांचें पिणें आणि गुरांचें धुणें पूर्वीं त्यांवरच चाले.

या तळ्यांत जिताडा जन्मत नाहीं. त्याची वीण खाडीच्या मुखाशीं, खाऱ्या पाण्यांत व्हावी लागते. पावसाळ्यांत त्याचीं पिल्लें भरतीबरोबर खाजणांत शिरतात. तेथून तीं वेंचून लोक आपल्या तळ्यांत सोडतात. तेव्हां तळ्यांतला प्रत्येक जिताडा कोणीतरी हातानें आणून सोडलेला असतो. चेन्नईच्या सरकारी संस्थेनें इ. स. १९९७ मध्यें त्याची पैदास कृत्रिम रीतीनें करून दाखविली, परंतु जुन्या माणसांची भिस्त अजून खाडीवर. हा प्राणी प्रथम नर असतो आणि कांहीं वर्षांनीं मादी होतो! पुराणांतील सुद्युम्नाची कथा मीं मुलांना अनेकदां सांगितली, पण तिचा नमुना दोन कोसांवर पोहत आहे, याची मला वार्ता नव्हती. मत्स्यन्याय तर हा अक्षरशः पाळतो. लहान भावंडांना गिळायला कमी करीत नाहीं. म्हणून एका तळ्यांत सोडावयाचीं पिल्लें एकाच मापाचीं निवडावीं लागतात.

ही सर्व माहिती मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें दिली. तो आतां पन्नाशी ओलांडलेला शेतकरी आहे, आणि घरामागें त्याचें स्वतःचें तळें आहे. नातवाला घेऊन मी भल्या पहांटे त्याच्याकडे गेलों. भात कापून झालें होतें, पेंढ्यांवर दंव होतें. नातवानें काठी उचलतांच त्यानें ती हळूच काढून घेतली आणि म्हणाला, "आधीं बसूं. मासा पाण्यांत नसतो, बाळा. मासा अडचणींत असतो."

आम्ही अर्धा तास नुसते बसलों. टांच आपटायची नाहीं, सावली पाण्यावर पडूं द्यायची नाहीं, अशी ताकीद होती. कारण धक्का माशाला अंगानें कळतो. मग त्यानें एकेक ठिकाण दाखविलें. मधलें मोकळें, चकचकीत पाणी, ज्यावर आपली नजर प्रथम जाते, तेथें कोणी मोठा राहत नाहीं. शेतांतलें पाणी जेथून आंत येतें त्या मोरीच्या तोंडाशीं खळगा पडलेला असतो. पावसाळ्यांत जिताडा तेथें प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो आणि वाहत येणारें भक्ष्य आयतेंच घेतो. आतां मोरी कोरडी, म्हणून ती जागाहि ओस. पायरीचा एक चिरा निखळून पाण्यांत कलला होता, त्याखालीं काळोख होता. तेथें एक असावा. भेंडीच्या झाडाची फांदी पाण्यावर आलेली, तिच्या सावलींत दुपारचा मुक्काम. सर्वांत मोठें बिऱ्हाड मात्र पलीकडच्या कोपऱ्यांत. तेथें त्यानें बाभळीच्या फांद्या बुडवून ठेविल्या होत्या. चोरानें रात्रीं जाळें टाकलें, तर तें काट्यांत अडकून फाटावें, हा हेतु. आणि माशालाहि तोच गड सोयीचा! लपायला जागा, आणि बाहेर येणाऱ्या कोळंबीवर झडप घालायला दबा. अमेरिकेंतला बासहि गवताच्या कडेला आणि बुडालेल्या ओंडक्यांपाशीं असाच राहतो, असें नातवानें सांगितलें. कुळ वेगळें, पण धंदा एक, म्हणून घरहि सारखेंच.

हें बिऱ्हाड ऋतूप्रमाणें हलतें. थंडींत मासा सुस्तावतो आणि ऊन चढल्यावर उथळ, उबदार कडेला येतो. वैशाखांत पाणी आटून खोल डबऱ्यांत सगळे एकत्र होतात; त्या वेळीं धरण्यांत कौशल्य कसलें, असें तो तुच्छतेनें म्हणाला. पावसाच्या तोंडावर, वारा पडलेल्या ढगाळ पहांटे मासे वर येऊन तोंडें उघडमीट करूं लागले, तर त्यांचा श्वास कोंडला आहे असें समजावें. तेव्हां गळ टाकायचा नाहीं, ताजें पाणी सोडायचें.

एवढ्यांत बाभळीपाशीं बारीक मासळी पंख्यासारखी उसळली आणि 'बद्द' असा पोकळ आवाज झाला. "उठला," तो म्हणाला. मग नातवाच्या गळाला त्यानें जिवंत कोळंबी लावून दिली. दोरी पडली, क्षणभर कांहीं झालें नाहीं, आणि एकाएकीं काठी कमानीसारखी वांकली. जिताडा सरळ बाभळींत शिरला, दोरी तुटली. नातू रडकुंडीस आला. मला मात्र, खरें सांगावयाचें तर, हायसें वाटलें; पण त्याच्या तोंडांत राहिलेला गळ दिवसभर मनांतून जाईना.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाच्या करमणुकींमध्यें त्यानें मत्स्यविनोदहि घातला आहे. समुद्रांतले मासे कोणते, गोड्या पाण्यांतले कोणते, खवल्यांचे कोणते, कोणास कसला चारा रुचतो, काठी व दोरी कशी असावी, हें सर्व त्यांत आहे. मीं तो भाग तरुणपणीं चाळला होता तो केवळ शब्दांसाठीं!

दुसऱ्या दिवशीं त्या विद्यार्थ्याला बहिणीकडे रोह्यास जावयाचें होतें, आम्हीहि निघालों. पेणहून कासू, नागोठणें, निडी करीत गाडी रोह्यास पोंचते. मध्य रेल्वे संपून कोंकण रेल्वे सुरू होते ती येथेंच. भिऱ्याच्या वीजगृहांतून सुटलेलें पाणी कुंडलिकेंत येतें, त्यामुळें ही नदी उन्हाळ्यांतहि वाहती असते. तेथलें एका देवळाजवळचें तळें पाहिलें. डोंगराखालचें गोडें पाणी, कांठाला पाणवनस्पती. जिताडा येथें कोणी आणला तरच. मूळचा रहिवासी मरळ. तो मधून मधून हवा घेण्यास वर येतो, म्हणून गवताच्या कडेला कोठें बुडबुडा फुटतो तिकडे लक्ष ठेवावें लागतें. नातवानें तें ठिकाण आपण होऊन ओळखलें. काठी त्यानें घरींच ठेविली होती.

परत येतांना गाडींत तो विद्यार्थी हंसत हंसत म्हणाला, "गुरुजी, आठवतें का, पांचवींत तुम्ही मला वेताची छडी मोडेपर्यंत मारलें होतें?" मला आठवत नव्हतें. श्रावणांतल्या उधाणाच्या दिवसांत तो शाळेंत नसे. मीं त्यास उनाड ठरविलें होतें. ते दिवस पिल्लें खाजणांत येण्याचे. बापाबरोबर तीं वेंचून तळ्यांत सोडलीं, तर दोन-तीन वर्षांनीं त्यांतून वह्या-पुस्तकें येत. "मग तें तेव्हां बोलला कां नाहींस?" मीं विचारलें. "तुम्ही विचारलें नव्हतें," तो म्हणाला, आणि पिशवींतला पेरू कापून नातवाच्या हातावर ठेवला. कासू येईपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत होतों.

उतरण्यापूर्वीं त्यानें एक काम सांगितलें. त्याच्या गांवांतलीं दोन तळीं घरांसाठीं भरावानें बुजलीं. राहिलेलें सार्वजनिक तळेंहि बुजवावें अशी कुजबुज आहे. पंचायतीस चांगल्या भाषेंत अर्ज लिहून हवा होता. मीं तो रात्रीं बसून लिहिला. तळें राखावें, गाळ काढावा, पडलेले चिरे उचलून व काटेरी फांद्या काढून तें स्वच्छ, मोकळें करावें, अशी विनंती केली. सकाळीं त्यानें तो उभ्या उभ्या वाचला, माझ्याच मेजावरची पेन्सिल घेतली आणि चिऱ्यांच्या व फांद्यांच्या शब्दांवर आडवी रेघ मारली.

"गुरुजी, हें काढलें तर तो राहील कुठें?"

तेवढे शब्द गाळून मीं अर्ज पुन्हा लिहून दिला.