अतिमानवाचे जन्मस्थान

आपल्याकडे जिथे देव तिथे क्षेत्र. पण अमेरिकेतही एका महापुरुषाचे 'जन्मस्थान' पाहण्याचा योग माझ्या कुंडलीत असेल, असे वाटले नव्हते. ओहायो राज्यात, एरी सरोवराच्या काठी क्लीव्हलंड शहर वसले आहे. तिथल्या ग्लेनव्हिल या गरीब वस्तीत, किंबर्ली अ‍ॅव्हेन्यूवर, चारचौघांसारखेच एक लाकडी घर आहे. कुंपणावर मात्र तांबडी-पिवळी ढाल.

"मामा, सुपरमॅन इथंच जन्मला बरं का!" भाचा म्हणाला.

या घरात जेरी सीगल राहत असे आणि त्याचा चित्रकार मित्र जो शूस्टर जवळच. दोघेही १९१४ सालचे, परदेशांतून आलेल्या ज्यू कुटुंबांतले, बुजरे आणि चष्मेवाले. १९३२ साली सीगलच्या वडिलांच्या कपड्यांच्या दुकानात चोर शिरले आणि त्या प्रसंगातच वडील गेले. पुढल्या एकदोन वर्षांत या पोराने एक असा वीर कल्पिला, की ज्याच्या अंगावरून बंदुकीची गोळी नुसती घरंगळून पडते! या दोन गोष्टींची सांगड घालण्याचा मोह मला तरी आवरत नाही.

विनाश पावणाऱ्या ग्रहावरून आईबापांनी यानात घालून सोडलेले मूल परक्या घरी वाढते. हे ऐकताच आपल्याला अश्वनदीत वाहणारी कर्णाची पेटी आठवते, यमुनेपार जाणारे कृष्णाचे टोपले आठवते. त्या दोघा मित्रांच्या धर्मग्रंथातला मोझेसही नाईलकाठच्या लव्हाळ्यांतच सापडला होता. आणि सुपरमॅनला हतबल करणारे क्रिप्टोनाइट म्हणजे दुर्योधनाची मांडीच की!

फरक आहे तो शेवटात. कर्णाच्या रथाचे चाक रुततेच, कृष्णाच्या तळव्याला व्याधाचा बाण लागतोच. सुपरमॅनला मात्र १९९२ साली मारले आणि १९९३ साली परत आणले. दुभत्या गाईला मरायची मुभा कोण देणार?

ही गाय तिच्या जन्मदात्यांच्या दावणीला कधी राहिलीच नाही. १९३८ साली 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात सुपरमॅन अवतरला, तो सारे हक्क १३० डॉलरला विकले गेल्यावरच. कोर्टकज्जे झाले, उमेदीची वर्षे सरली. अखेर १९७५ साली, लोकांनी ओरड केल्यावर, कंपनीने दोघांना वार्षिक तनखा बांधून दिला आणि त्यांची नावे पुन्हा छापण्याचे कबूल केले. शूस्टरचे घर तर आज उभेही नाही. त्या जागेच्या कुंपणावर त्या पहिल्या कथेची पाने मोठी करून लावली आहेत.

कर्णाची कथा सांगायला आमच्या कीर्तनकाराला व्यासांची परवानगी लागत नाही. म्हणून तर प्रत्येक पिढीला आपला कर्ण रंगवता आला. अमेरिकन कायद्याप्रमाणे त्या पहिल्या अंकावरचा हक्क २०३३ अखेर संपेल. पण भाच्याच्या सात वर्षांच्या मुलीला तेवढा धीर कुठला? त्या कुंपणापाशी उभी राहून ती मला आपल्या मोडक्या मराठीत गोष्ट सांगत होती. तिच्या गोष्टीत सुपरमॅनची आई वाचली होती, आणि दर रविवारी ती त्याला पोळ्या करून वाढत होती.