दोर ताणला की माणसं मागे

आमच्या गाडीच्या पुढच्या बंपरमध्ये बसवलेल्या विंचवर, म्हणजे दोर गुंडाळत रुतलेली गाडी ओढून काढणाऱ्या यंत्रावर, ९५०० पाउंड असा आकडा आहे. किलोत सुमारे ४३००. गाडी माणसं-सामान धरून सव्वादोन टनांच्या आसपास भरते, आणि विंचची ओढ गाडीच्या भरल्या वजनाच्या निदान दीडपट असावी असा प्रघात आहे. तेव्हा हिशेब जमला, असं मी धरून चालले. विंचच्या पुस्तिकेचं पान उलटलं तर पुढे एक तक्ता होता आणि त्यात हाच आकडा ओळीओळीनं खाली उतरत गेला होता. ९५०० पाउंडांची ओढ मिळते ती फक्त ड्रमवरच्या सगळ्यांत आतल्या थराला. दोराचा एकेक थर वर चढला की ती साधारण दहा ते पंधरा टक्के घटते. चौथ्या थरावर तीन टनही उरत नाहीत. मोटर तीच, गिअर तेच, पण थरांमुळे ड्रमचा घेर वाढतो आणि तेवढ्याच जोराला जास्त लांबच्या त्रिज्येवरून ओढावं लागतं. म्हणजे दोर जितका जास्त सोडावा तितकी ओढ वाढते आणि जवळच्या झाडापेक्षा लांबचं झाड बरं! त्याच पानावर खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं की दोर पूर्ण सोडू नका, तारेच्या दोराचे निदान पाच वेढे ड्रमवर राहू द्या. मग नेमका किती सोडायचा? पुस्तिका हातात घेऊन मी बराच वेळ गाडीसमोर नुसती उभी होते.

माझं काम कपाशीच्या शेतांतलं. आदिलाबाद जिल्ह्यातल्या जैनथ आणि बेला मंडलांत, पैनगंगेच्या काठच्या गावांमध्ये गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावायचे आणि त्यांत अडकलेले नर पतंग मोजायचे. एका सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ किंवा जास्त पतंग दिसले की फवारणीचा विचार करायची वेळ आली, असा हा निकष. सापळे लावायचा काळ ऐन पावसाचा. रस्ता वाळेपर्यंत थांबलं तर मोजणीचे दिवस निघून जातात आणि अळी बोंडात शिरली की औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून चारही चाकांना ओढ असलेली गाडी मिळाली, आणि तिच्याबरोबर विंच.

इथली माती बेसाल्टची, काळी, चिकण. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात तीच फुगून येते. चाकाला चिकटलेला चिखल आपणहून गळत नाही, मडगार्डच्या आत दाबून बसतो. टायरच्या खाचा भरून गुळगुळीत झाल्या की चारही चाकं फिरतात आणि गाडी जागच्या जागी खाली बसत जाते. पांदणीत अशा वेळी आजवर बैलजोड्या किंवा ट्रॅक्टर कामी आले आहेत. विंच त्यांच्यापेक्षा संथ चालतो, आणि मला तो त्याच्या संथपणामुळेच भीतिदायक वाटला. एवढं मोठं बळ दोरात साठत जातं आणि आवाज फक्त मोटरच्या घुरघुरण्याचा.

मला विंच चालवायला शिकवलं वडिलांच्या एका मित्रानं. काका बेल्लमपल्लीच्या भूमिगत खाणीत हॉलेजवर होते. कोळशाच्या टबांची रांग तारेच्या दोरानं उतारावरून वर ओढणाऱ्या यंत्रावर त्यांची सगळी नोकरी झाली. (बेल्लमपल्ली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होती. २०१६ च्या ऑक्टोबरात जिल्ह्याचे तुकडे झाले आणि ती मंचिर्यालकडे गेली.) तारेचा दोर ही मुळात खाणीचीच देणगी आहे. जर्मनीतल्या हार्त्झच्या खाणींमध्ये विल्हेल्म आल्बर्ट यांनी १८३४ मध्ये तो वापरात आणला, कारण साखळीची एक कडी तुटली की सगळं संपायचं, आणि दोराच्या पुष्कळ तारांपैकी एखादी तुटली तर बाकीच्या भार धरून ठेवतात. पुस्तिकेवरून मी अडले होते तिथे काकांना काहीच अवघड वाटलं नाही. दोराचं टोक ड्रमला एका लहानशा स्क्रूनं नुसतं अडकवलेलं असतं, भार पेलायचं काम आतल्या वेढ्यांच्या घर्षणाचं, हे त्यांनी बोटानं दाखवलं. दोर सिंथेटिक असेल तर तो गुळगुळीत असल्यानं आठ-दहा वेढे राखायचे. पाचवा वेढा दिसायला लागेल तिथे मी दोराला लाल रंग लावून घेतला आणि माझा प्रश्न सुटला.

पण काकांची खरी शिकवण पुस्तिकेत नव्हती. ती कोरट्याकडच्या एका पांदणीत कळली.

गाडी मागच्या बाजूनं मडगार्डपर्यंत बसली होती. दहा मिनिटांत निम्मं गाव जमलं. आपल्याकडे गाडी रुतली की लोक धावून येतात, आणि त्या माणुसकीबद्दल मला मनापासून आदर आहे. कुणी दगड आणले, कुणी तुराट्या आणल्या, चार पोरं मागून ढकलायला उभी राहिली, दोघं दोर हातात धरून ओढायला तयार, आणि लहान मुलं दोराला अगदी लागून ओळीनं उकिडवी बसली, कारण तिथूनच सगळं नीट दिसत होतं. मला कुणाला काय सांगावं तेच सुचेना. काका गाडीकडे गेलेच नाहीत. "आंधी लोकं मांगं कर, मंग बटन दाब," एवढं म्हणून त्यांनी पोरांना हाताला धरून उठवायला सुरुवात केली.

त्यांचं माप साधं होतं: जेवढा दोर सोडला असेल त्याच्या दीडपट लांब. दोर तुटला तर कुठल्या बाजूला फेकला जाईल ते सांगता येत नाही, आणि हूक किंवा शॅकल (पिन लावून बंद करायची कडी) निसटला तर तो गोळीसारखा सुटतो. ताणलेला दोर कुणी ओलांडायचा नाही, हात लावायचा नाही. मागून ढकलणाऱ्यांनाही त्यांनी नम्रपणे बाजूला केलं, कारण गाडी एकदम सुटली आणि परत मागे घसरली तर चाकाखाली तेच येणार. दोराच्या मध्यावर ओलं पोतं टाकलं. दोर तुटलाच तर पोत्याच्या वजनानं तो खाली पडतो. मग खाणीतला नियम सांगितला. तिथे घंटेचा एक ठोका म्हणजे थांब, आणि तो कुणीही द्यावा. ‘चालू कर’ मात्र एकाच माणसानं म्हणायचं. आम्ही घंटेच्या जागी शिट्टी ठेवली. पांदणीतल्या सगळ्यांना, पोरांनासुद्धा, सांगितलं की काही वावगं दिसलं तर जोरात शिट्टी मारा. ज्या पोरांना मागे हटवलं होतं तीच आता डोळ्यांत तेल घालून पाहायला लागली.

गोव्यात २०१४ मध्ये भर पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज या चिखलातल्या गाड्यांच्या शर्यतीची भारतातली स्पर्धा सुरू झाली. तिच्या चित्रफिती मी शिकण्यासाठी पुष्कळ पाहिल्या. विंच कसा चालवावा ते त्यांत भरपूर दिसतं. पण तिथे शर्यतीवर नजर ठेवणारे लोक असतात, चालक सरावलेले असतात. गावातल्या पांदणीत भोवती उभ्या माणसांचं काय करायचं, हे शिकवणारं मला कुठेच काही सापडलं नाही, आणि माझ्या मते आपल्या भागात विंचचं पहिलं काम तेच आहे.

दुसरा प्रश्न दोर बांधायचा कशाला. कपाशीच्या शेतात झाडं कमी, बांधावर कुठेतरी एखादं कडुलिंब, बाभूळ किंवा मोह. लोकांनी लगेच विजेचा खांब सुचवला, मग हातपंप. दोन्ही कधीही नाही. खांब ओल्या काळ्या मातीत उभा असतो आणि वर तारा असतात. शेवटी लांबच्या बांधावरचं जुनं कडुलिंब निवडलं. झाडाला थेट तारेचा वेढा घातला तर ती साल कापत आत जाते, आणि हूक दोराच्याच अंगात अडकवला तर दोर तिथे मुडपून कायमचा अधू होतो. म्हणून रुंद पट्टा झाडाच्या बुंध्याला जमिनीलगत, त्याची दोन्ही टोकं शॅकलमध्ये, आणि शॅकलमध्ये हूक. शॅकलची पिन पूर्ण आवळून पाव फेरा मागे घ्यायची, नाहीतर भाराखाली ती अशी बसते की नंतर उघडत नाही.

आणि तरी बटण दाबायची वेळ आली नव्हती. गाडी चाकभर रुतली तर तिच्या वजनाइतका अडथळा धरावा, मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट, असा ठोकताळा आहे. म्हणजे आम्हाला साडेचार टन ओढायचे होते आणि विंच भरल्या ड्रमवर तीन टनही देत नव्हता. काकांनी दोन उपाय एकदम केले. फावड्यांनी चारही चाकांपुढची माती काढून उतार करायला लावला. ढकलायला आलेल्या हातांना हे काम दिल्यावर कुणाला मागे हटवल्याचं वाईट वाटलं नाही. आणि झाडाला कप्पी लावून दोर तिच्यातून फिरवून परत गाडीच्या पुढच्या हुकाला आणला. ओढ जवळजवळ दुप्पट, वेग निम्मा. पण कप्पीवर आणि झाडावर येणारा भारही दुप्पट, त्यामुळे पट्टा आणि शॅकल त्या मापाचे हवेत. दोराच्या दोन पदरांच्या मधल्या जागेत तर कुणीच उभं राहायचं नाही.

पूर्ण भाराला असा विंच बॅटरीतून चारशे अँपिअरपर्यंत खेचतो. गाडीचा अल्टरनेटर तेवढं देऊच शकत नाही. म्हणून इंजिन चालू ठेवायचं, थोडं ओढायचं, थांबायचं, मोटरच्या खोक्यावर हाताची पाठ लावून पाहायची, मग पुन्हा. गाडी बाहेर यायला जेवढा वेळ लागला त्यातला बहुतेक थांबण्यात गेला.

गाडी सोडवल्यावरचं काम मला आता जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण पुढच्या वेळचा धोका तिथेच तयार होतो. चिखल लागलेला दोर तसाच गुंडाळला तर खडे आत राहतात, तारा गंजतात. आम्ही दोर सगळा सोडून धुतो, वाळवतो, आणि सौम्य चढावर गाडी उभी करून, ब्रेक किंचित दाबून, गाडीच्या ओढीवरच परत गुंडाळतो. सैल गुंडाळलेल्या थरांत भाराखाली वरचा पदर खालच्यात घुसतो आणि अडकतो. गुंडाळताना हात रोलरपासून दूर, हुकाला पट्टी अडकवून ती पट्टी धरायची. जाड चामड्याचे हातमोजे हवेतच. रिमोटची वायर काम संपताच काढून ठेवायची.

तुटलेल्या तारा शोधायची काकांची रीत इथल्या मातीलाच शोभणारी आहे: हातमोज्यात कापसाचा बोळा धरून दोरावरून सावकाश फिरवायचा. जिथे तार तुटून वर आली असेल तिथे कापसाचे धागे अडकून राहतात. खाणीत माणसांना चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या दोराचं टोक ठरावीक मुदतीनं कापून नव्यानं बसवतात, दोर कितीही चांगला दिसला तरी. हुकाजवळचा भाग सगळ्यांत जास्त झिजतो, म्हणून मी आधी तो तपासते.

सिंथेटिक दोर घ्यावा का, यावर आमचं अजून बोलणं चालू आहे. तो हलका असतो, तुटला तर तारेइतका उसळत नाही, आणि बायकांच्या हातांनाही सहज पेलतो. पण चिखलातल्या खड्यांनी तो आतून कापला जातो, उन्हानं कमकुवत होतो, आणि सुमारे १४५ अंश सेल्सिअसला वितळतो. बऱ्याच विंचांचा ब्रेक ड्रमच्या आतच असतो, आणि उतारावर दोर सोडत गाडी उतरवताना तो तापतो. आमच्या चिखलाला तूर्त तारेचाच दोर बरा, असं काकांचं मत आहे आणि मला ते पटतं.

मृगाच्या आधी आता मी एक वेगळी वही भरते. कोणत्या पांदणीला कोणत्या बांधावर धरण्याजोगं जुनं झाड आहे, गाडीपासून ते किती अंतरावर पडेल, जिथे झाडच नाही तिथे कुणाचा ट्रॅक्टर गिअरमध्ये घालून चाकांना दगड लावून उभा करता येईल, आणि त्या ट्रॅक्टरवाल्या दादांचा नंबर. जैनथची पानं भरली आहेत. बेल्याकडच्या नदीकाठाची बरीच मोकळी आहेत, आणि तिकडे झाडं आणखी विरळ आहेत.